रांधणाऱ्याचं पान

शनिवारी रात्री दहा जण जेवायला येणार असले की शुक्रवारी संध्याकाळीच मी मटणवाल्याला सांगून ठेवतो. अडीच किलो, खांदा आणि मांडी, नळ्या वेगळ्या. माणशी पाव किलो हा आमच्या कोल्हापूरकडचा हिशेब आहे, आणि पुण्यात इतकी वर्षं राहूनही तो मी बदललेला नाही.

लहानपणी वडिलांचे मित्र घरी मटणाला यायचे. वाटीवर वाटी रस्सा प्यायचे, ‘वहिनी, काय झालाय हो!’ म्हणायचे. आई आत भाकरी थापत असायची. सगळ्यांचे हात धुऊन झाले, की ती बसायची. तोवर पातेल्यात नळी उरलेली नसायची. आपलं घर झालं तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली: मित्रांना बोलवायचं, तांबडा-पांढराच करायचा, पण रांधणाऱ्याचं पान पहिल्याच पंगतीत मांडायचं. माझ्या स्वयंपाकाची सगळी आखणी या एका गोष्टीपायी झाली आहे.

मटण दुपारी तीनला चढतं. आलं-लसूण, हळद, मीठ लावून तेलावर परतायचं आणि पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. आतलं मटण आपल्या अंगच्या पाण्यात शिजत राहतं, वरचं पाणी तापत जातं, आणि लागेल तसं तेच आत घालायचं. गार पाणी पडलं की मटण आखडतं, असं आई सांगायची. कुकरमध्ये हे काम पटकन उरकतं, पण दहा जणांच्या जेवणाला मी कुकर लावत नाही. पातेल्यात मऊ होत आलेली फोड चमच्यानं दाबून बघता येते, कुकरच्या झाकणाआड ते कळत नाही. दीड तासानं जे पाणी हाती लागतं ते अळणी. दोन्ही रस्से त्यातूनच निघतात, आणि फोडींचं सुकं होतं.

तांबड्याची काळजी नसते. कांदा, सुकं खोबरं, तीळ भाजून वाटायचे, घरची कांदा-लसूण चटणी घालायची (रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी) आणि तेल सुटेपर्यंत परतून अळणी ओतायचं. तासभर झाकून ठेवला तर कट वर येतो आणि चव आणखी मुरते. चटणी मात्र मी चौघांच्या मापाच्या अडीचपट कधी घालत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापं घराघरांत नेली आणि माझा हातही त्याच मापांवर बसला. पण माणसं वाढली की पाणी वाढवता येतं, तिखट-मीठ चाखतच वाढवावं लागतं.

पांढरा जपावा लागतो. भिजवलेली खसखस, तीळ आणि काजू गंधासारखे वाटायचे, तुपात लवंग-दालचिनी-मिरे तडतडले की ते वाटण रंग न बदलू देता परतायचं, मग अळणी. नारळाचं दूध शेवटी. दूध घातल्यावर उकळी आली की रस्सा फाटला. पहिल्या वर्षी एकदा दारावरची घंटा वाजली म्हणून मी डाव टाकून गेलो आणि परत येईस्तोवर दाणे दाणे झाले होते. त्या दिवशी पाहुण्यांना तांबड्यावरच भागवावं लागलं. तेव्हापासून दुधाशिवायचा रस्सा सातला तयार करून ठेवतो आणि पानं मांडली की मंद आचेवर दूध घालून डाव फिरवत राहतो. पाच मिनिटांचं काम आहे.

राहिली भाकरी. माणशी दोन आणि वर चार, म्हणजे चोवीस. एकीला अडीच मिनिटं धरली तरी एका तव्यावर पुरता एक तास. आई का बसू शकत नव्हती, ते मला हा हिशेब मांडल्यावर नीट कळलं.

म्हणून मित्रांना साडेसातला बोलवतो, आणि बैठक स्वयंपाकघरात. दोन शेगड्या, दोन तवे. आमच्यातली एक मैत्रीण सोलापूरची, पीठ तिच्या गावचं, मालदांडी ज्वारीचं. ताजं दळलेलं. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. ती आधणाचं पाणी घालून तळहाताच्या टाचेनं पीठ मळते, परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेवते आणि दोन्ही हातांनी थापत गोल फिरवते. तव्यात टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात. पाणी सुकलं की उलटायची, मग थेट जाळावर. पापुद्रा टम्म सुटतो. ती चार थापते, मग दुसरा कुणी. एकाच्या कागलच्या नकाशासारख्या होतात, पण भाजतो तो झकास. भाजलेल्या भाकऱ्या सुती धोतरात गुंडाळून टोपलीत. तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या भाकरीची सर त्यांना येत नाही, हे मला मान्य आहे. तेवढं मी सोडून दिलं आहे.

साडेआठला शेगड्या बंद. मटण न खाणारं कुणी असलं तर अख्खा मसूर असतो, दह्यातला कांदा असतो, आणि सगळे एकदमच बसतात.

गेल्या दिवाळीनंतर आई आली होती. तीनदा ती उठायला लागली, तीनदा सोलापूरच्या मैत्रिणीनं तिचा हात धरला. ‘काकू, बसा. टोपलीत आहेत अजून.’ मग ती मांडी घालून बसली, नळी ताटावर ठोकून घेतली, आणि पांढऱ्याची दुसरी वाटी पुढे करत मला म्हणाली, ‘खसखस जरा कमी पडलीय रे.’