पहांटेची कॉफी
परीक्षा जवळ आली कीं आमच्या घरोघरीं पहांटे जायफळ-वेलदोड्याच्या कॉफीचा सुवास दरवळूं लागतो. तिची कृति सोपी आहे. एक पेला दुधांत पाव पेला पाणी व दोन चमचे साखर घालून उकळी आणावी. चमचाभर कॉफीची पूड टाकून पातेलें लागलेंच उतरावें व झांकावें. कॉफी फार उकळल्यास कडवट होते. दोन मिनिटांनीं गाळून वेलदोड्याची पूड व किसलेलें जायफळ चिमूटभरच घालावें. जायफळ अधिक झाल्यास गुंगी येते व पहांटे उठणें व्यर्थ जातें! कॉफीनें थकवा लपतो, जात नाहीं. झोंपेची उणीव झोंपच भरून काढते. म्हणून लहानांस नुसतें दूध द्यावें, मोठ्या विद्यार्थ्यांनीं सकाळीं अर्धाच पेला घ्यावा आणि रात्रीं वेळेवर निजावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.