लांब पल्ल्याचे भिंग आणि सारसाचा डोळा

दूरच्या पाखरांची छायाचित्रे घेण्याचा छंद ज्यांना जडला आहे, अशा गृहस्थांची एक तक्रार ठरलेली असते. पाखरू समोर होते, प्रकाश उत्तम होता, कॅमेराही चांगल्यांपैकी होता. पण घरी येऊन चित्र मोठे करून पाहावे, तो पिसांच्या जागी लोकरीचा गुंता! असे झाले की सारा दोष भिंगाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाने एक संबंध हिवाळा हेच केले. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार अनुभवाने मिळाला आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

इंदूरकर या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजेत. होळकरांच्या राजवटीत बांधलेला सिरपूरचा तलाव शहराला लागूनच आहे आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर सकाळी जाऊन दुपारी परतावे इतक्या अंतरावर. २०२२ साली या दोन्ही पाणथळींना रामसर स्थळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. यशवंत सागरच्या परिसरात सारस आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी. पूर्ण वाढलेला सारस माणसाच्या उंचीचा भरतो. इतका मोठा पक्षी आणि तोही संथ पावले टाकीत चालणारा; त्याचे चित्र अंधुक यावे याचे मला फारच वैषम्य वाटे.

माझा पहिला कॅमेरा हाताने फोकस करण्याचा होता. त्यातून पाहताना मधोमध एक वर्तुळ दिसे आणि दुभंगलेल्या प्रतिमेचे दोन अर्ध त्यात जुळले की फोकस बरोबर आला असे समजायचे. पण भिंग लांब पल्ल्याचे आणि कमी प्रकाश घेणारे असले, की त्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडत असे. पुढे चाळिशी लागली आणि चष्म्यातून ते वर्तुळ पाहणे म्हणजे निव्वळ शिक्षाच झाली. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश पक्षिछायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ साली एका घुबडाच्या हल्ल्यात गेला आणि तरीही पुढे कित्येक दशके त्याने हे काम केले. त्याची आठवण काढून मी स्वतःला धीर देत असे. अखेर भविष्य निर्वाह निधीतून थोडी रक्कम काढली आणि स्वयंचलित फोकसचा कॅमेरा व १५० ते ६०० मिलिमीटरचे भिंग घरी आणले. आता यंत्र माझ्यासाठी पाहील, अशी भाबडी समजूत होती.

हे यंत्र पाहते तरी कसे? हात लांब करून अंगठा उभा धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहा. अंगठा मागील भिंतीवर इकडून तिकडे सरकलेला दिसेल. कॅमेऱ्यातील एक पद्धत नेमकी या तत्त्वावर चालते. भिंगाच्या दोन कडांकडून येणाऱ्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा ती ताडून पाहते. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूस सरकल्या आहेत, यावरून भिंग पुढे न्यावे की मागे आणि किती, हे तिला एका दमात कळते. दुसरी पद्धत जुन्या रेडिओवर केंद्र लावण्यासारखी. काटा पुढे न्यावा, आवाज बिघडला की मागे आणावा, असे करीत करीत स्वच्छ जागा शोधायची. बसलेल्या पाखराला ही चालते. पण पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबलेला कवड्या खंड्या तिच्यासाठी ताटकळत राहत नाही.

पहिली पद्धत बाजारात स्थिरावली ती १९८५ साली, मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने. फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या आतच होती. कॅननने १९८७ साली मोटर भिंगात बसवली. लांब, जड भिंगांसाठी हीच सोय पुढे श्रेयस्कर ठरली. हनीवेल या अमेरिकन कंपनीने मिनोल्टावर पेटंटभंगाचा दावा लावला आणि १९९२ साली मिनोल्टाला साडेबारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली, एवढे या विद्येचे मोल होते.

माझा कॅमेरा आरशाचा. अशा कॅमेऱ्यात मुख्य आरशातून थोडा प्रकाश मागील छोट्या आरशावर व तेथून तळाशी असलेल्या फोकसयंत्रावर जातो. चित्र मात्र उमटते ते मागील पटलावर. हे दोन मार्ग केसभरही असमान झाले, की यंत्र म्हणते ‘जुळले’ आणि चित्र म्हणते ‘नाही’. दोष ना भिंगाचा, ना कॅमेऱ्याचा, दोघांच्या सोयरिकीचा! याची परीक्षा मी शाळेच्या व्हरांड्यात रविवारी सकाळी केली. तिपाईवर कॅमेरा, दहा मीटरवर बाकावर उभे केलेले पुस्तक, आणि त्याला लागून तिरपी ठेवलेली लाकडी फूटपट्टी. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फोकस केला, तर पट्टीवरचे आकडे स्वच्छ दिसत ते पुस्तकाच्या बोटभर मागे. या अंतरावर ६०० मिलिमीटरच्या भिंगात स्पष्ट दिसणारा पट्टा पुढेमागे मिळून जेमतेम सात सेंटिमीटरांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे बोटभर चूक किती मोठी ते कळेल. खंड्याचे शेपूट रेखीव आणि डोळा पाण्यात बुडाल्यासारखा, असे का होत होते त्याचा उलगडा झाला. कॅमेऱ्यात ही चूक सुधारण्याची सोय होती. चार-पाच वेळा मागेपुढे करून ती जुळवली.

याच वेळी भिंगाच्या तोंडावरची काच काढून पाहिली. भिंग घेताना दुकानदाराने ‘संरक्षणासाठी’ म्हणून भेट दिलेली ती काच दूर होताच फूटपट्टीच्या रेघा आणखी उजळल्या. घरी हे सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, भिंगाची तक्रार करण्याआधी चष्मा तरी पुसत चला.” तिचे म्हणणे अगदीच गैरलागू नव्हते.

यानंतर जवळची पाखरे सुधारली. बाभळीच्या काट्यांआड बसलेला वेडा राघू फोकसचा एकच बिंदू वापरल्याने सापडू लागला. अनेक बिंदू मोकळे सोडले, की यंत्र हटकून पुढची काटकी धरते. भिंगावरील जवळचे अंतर वगळण्याची कळ दाबल्यावर त्याची व्यर्थ येरझार थांबली. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा हजारावा भाग आणि उडत्याला दोन हजारावा, असा ठेवू लागलो. हाताचा कंप शोषून घेणारी सोय भिंगात असली, तरी ती पाखराचा कंप शोषीत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सारस मात्र अंधुकच राहिले.

यशवंत सागरपलीकडच्या गव्हाच्या शेतांत त्या वर्षी एक जोडी आणि त्यांचे एक पिलू होते. मोठ्यांची लालभडक डोकी आणि मधोमध पिलाचे तांबूस तपकिरी डोके. शाळा दुपारी सुटल्यावर मी जात असे. शंभर मीटरवरून पन्नास चित्रे घ्यावीत आणि पन्नासही पाण्यातून घेतल्यासारखी निघावीत! फूटपट्टीची परीक्षा उत्तीर्ण झालेले भिंग येथे का नापास व्हावे?

उत्तर हवेत होते. उन्हाने तापलेली जमीन तिच्यालगतची हवा तापवते. ती हवा विरळ होऊन वर उठते, थंड हवा खाली येते आणि या थरांतून येणारा किरण दर क्षणी निराळा वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जी झिलमिल दिसते तीच ही. साध्या डोळ्यांना ती थंडीच्या दिवसांत जाणवत नाही. पण लांब भिंग शंभर मीटर हवेचा स्तंभ जवळ ओढून आणते आणि पाखराबरोबर ती झिलमिलही मोठी करते. शिवाय फोकसचे यंत्र ज्या दोन प्रतिमा ताडते त्याच थरथरू लागल्याने तेही भांबावते. यावर कोणत्याही किमतीच्या भिंगाचा इलाज चालत नाही. हवा कमी करायची, म्हणजे जवळ जायचे, किंवा जमीन तापण्यापूर्वी यायचे.

मी आधी पहिला मार्ग धरला. एका दुपारी वाकून, बांधाच्या आडून, चाळीस-एक पावले पुढे सरकलो. सारसांनी चरणे थांबवले, माना उंच केल्या, आणि पिलाला मध्ये घेऊन तिघेही शेताच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. मी पुन्हा सरकलो. ते पुन्हा चालले. असा अर्धा तास गेल्यावर पाणी देत असलेला म्हातारा शेतकरी फावडे खांद्यावर टाकून जवळ आला आणि म्हणाला, “मास्साब, फोटू तो हो जाएगा, पर इनका पेट कब भरेगा?”

तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यात गेली. या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता आले नाही. कॅमेरा पिशवीत घातला. “बाबा, सुबह कब आते हैं ये?” एवढेच विचारले. उजाडण्याआधी येऊन विहिरीच्या कठड्याआड बसा आणि उठू नका, असे त्याने बजावले. हलू नका असे नव्हे, उठू नका.

पुढल्या रविवारी तसेच केले. अंगावर मातकट घोंगडी, मांडीवर वाळूची पिशवी, तिच्यावर भिंग. सूर्य वर आल्यावर काही वेळाने ते तिघे चरत चरत आपण होऊन चाळीस मीटरांवर आले. या अंतरावर स्पष्टतेचा पट्टा मीटरभर रुंद होतो. हवा थंड, निश्चल. फोकसचा बिंदू पिलाच्या डोळ्यावर ठेवला. पाठीवर ठेवला असता तर वाकलेली मान हातून जाती. हल्लीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत मूळ पटलावरच फोकस होत असल्याने ती सोयरिकीची कटकट उरलेली नाही, आणि २०२०-२१ पासून त्यांतले काही तर पाखराचा डोळा आपण होऊन शोधतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडचा तसा कॅमेरा मी हाताळून पाहिला आहे, चमत्कारच म्हणायचा. पण दुपारच्या झिलमिलीत त्याचीही चित्रे माझ्यासारखीच आली, हे नमूद करताना मला थोडे समाधान होते हे लपवीत नाही.

त्या सकाळच्या वीस चित्रांपैकी अकरा निर्दोष निघाली. एकात पिलू आणि त्याच्या बरोबरीने उभा असलेला मोठा पक्षी पिसापिसाने मोजता यावा इतका स्पष्ट आहे. मागे राहिलेला दुसरा किंचित मऊ.

त्याची मोठी प्रत करून मी त्या शेतकऱ्याला नेऊन दिली. त्याने हात धोतराला पुसून ती घेतली, उन्हाकडे तिरपी करून बराच वेळ न्याहाळली. सारसांविषयी तो काही बोलला नाही. त्यांच्या मागे भिंगाने विरघळवून टाकलेल्या हिरव्या रंगावर बोट ठेवून त्याने विचारले, “और मेरा खेत कहाँ गया, मास्साब?”