मातीची वाट आणि वाऱ्याचा भार

उन्हाळ्यांत रत्नागिरीची तांबडी जांभी माती सुकली, कीं पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या डोळ्यांत जाते, हें तेथील बैलगाडीच्या शर्यती पाहणारास ठाऊक असतें. मातीवरील मोटारींच्या शर्यतींत मात्र धुळीच्या जोडीला वाराही येतो. वेग दुप्पट झाला, कीं वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशीं ४० किलोमीटरला जो जाणवतही नाहीं, तो १६० ला सोळापट होतो. १९७८ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ या शर्यतींतील मोटारींना म्हणूनच माथ्यावर व पुढें पंख असतात. विमानाचा पंख वर उचलतो. हे चाकांना मातींत दाबतात. परंतु पुढच्या मोटारीमागची हवा ढवळलेली असते. तींत शिरतांच पंखांचा दाब घटतो, पुढचीं चाकें पकड सोडतात आणि वळणावर मोटार बाहेर सरकते. कसलेला चालक अशा वेळीं बाजूस सरून मोकळा वारा घेतो, नाहींतर वेग आवरतो. बैलगाडीचा वेग थोडा, म्हणून तिला वाऱ्याचें भय नाहीं. पण फार जवळ जाणारा तेथेंही धुळीनें आंधळाच होतो. दोहोंकडे अंतर राखणें हीच पहिली विद्या होय.