बेघरांचा निवारा : केवळ रात्रीपुरता नव्हे

वऱ्हाडात बेघरांची आठवण होते ती बहुधा थंडीत. डिसेंबरच्या रात्री पदपथांवर ब्लँकेटे वाटली जातात आणि थंडी ओसरली की विषयही मागे पडतो. वस्तुतः उघड्यावर राहणाऱ्याची खरी कसोटी येथे उन्हाळ्यात लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अमरावतीही फार मागे नसते. सायंकाळी उघडून सकाळी बंद होणारे निवारागृह अशा वेळी अपुरेच ठरते.

बेघर कोणास म्हणावे? पदपथ, पुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट, देवळाचे आवार अशा ठिकाणी उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. २०११ मध्ये देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार, तर महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. झोपडीत राहणारे यात धरलेले नाहीत. हमाली करणारे, घरातून बाहेर काढलेले वृद्ध, मनोरुग्ण आणि एकट्या स्त्रिया यांच्या गरजा एकसारख्या नसतात. म्हणूनच निवाऱ्याचेही प्रकार समजून घेतले पाहिजेत.

पहिला प्रकार धर्मशाळेचा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. बेघरांना आसरा देणे हाच त्यांनी देवधर्म मानला. तथापि धर्मशाळा ही मुळात वाटसरूंसाठी असते. ज्याला परत जाण्यास घरच नाही, त्याची सोय तेथे चार दिवसांपुरतीच होते.

दुसरा प्रकार शहरी निवारागृहाचा. निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच स्पष्ट केले होते. २०१० मध्ये दिल्लीतील कडाक्याच्या थंडीच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला. पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारागृह असावे आणि ते वर्षभर, चोवीस तास उघडे असावे, असे निर्देश त्यानंतर दिले गेले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने या कल्पनेला योजनेचे रूप दिले. दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय, प्रत्येकास किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह व स्वयंपाकाची व्यवस्था, तसेच स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध व आजारी यांच्यासाठी स्वतंत्र निवारे, अशी मापे तिने ठरविली. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, अकोल्याची सव्वाचार लाख. या मापाने अमरावतीत सहाशेहून अधिक, तर अकोल्यात चारशेहून अधिक जणांची सोय हवी.

तिसरा प्रकार पुनर्वसनाचा. घरच्यांनी टाकलेल्या कुष्ठरुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवनाचे कार्य आरंभिले. तेथे छपराबरोबर औषधोपचार मिळाले आणि हाताला कामही मिळाले. निवाऱ्यातून माणूस पुन्हा उभा राहतो तो असा.

कायमच्या घराचे काय? प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःचे घर मिळवायचे, तर बहुधा हक्काची जागा किंवा पदरचा काही हिस्सा लागतो. बेघरापाशी दोन्ही नसते. त्यामुळे परवडणाऱ्या भाड्याच्या घराचा मार्ग त्याला अधिक जवळचा. पण त्यासाठीही कागदपत्रे लागतात आणि कागदपत्रांसाठी पत्ता लागतो. निवारागृहाचे मोल येथे कळते. तेथील व्यवस्थेने ओळखपत्र, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन मिळवून द्यावे, ही अपेक्षा योजनेतच होती.

निवारागृह शहराबाहेर बांधले तर ते रिकामे राहते. बेघर माणूस काम, दवाखाना आणि अन्न जेथे मिळते तेथेच थांबतो. स्थानक, बाजार आणि रुग्णालय यांच्या आसपास, भर दुपारीही उघडे असलेले दार, ही वऱ्हाडातील निवाऱ्याची पहिली अट होय. ब्लँकेट वाटणाऱ्या हातांनी आपल्या महापालिकेकडे एवढी मागणी उन्हाळ्यापूर्वी केली, तरी पुष्कळ साधेल.