घोडं अडलं तर अडू द्या

कान्हावरचा भाग झाल्यानंतर अकोला, बेळगाव, इंदूर अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून जवळपास एकच प्रश्न आला. कर्नलसाहेब, जिप्सीत बसून वाघ बघायचा कंटाळा आला, घोड्यावरून जंगल बघता येत नाही का?

येतं, पण आपल्याकडे नाही. त्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जावं लागतं. बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिका, नामिबिया या देशांत घोड्यावरून सफारी चालते. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी बोट्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत सहा दिवस घोड्यावरून हिंडून आलो. जबलपूरच्या माणसाला एवढ्या लांब जाऊन घोड्यावर बसायची काय हौस, असं घरच्यांनीही विचारलं होतं. हौस होतीच, पण एक जुना हिशेबही होता. तो पुढे सांगतो.

आधी जागा समजून घ्या. ओकावांगो नदी अंगोलाच्या डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळतच नाही. कलहारीच्या वाळूत पसरते आणि जिरून, वाळून संपते. आपल्या नर्मदेसारखा खडक फोडून वाट काढण्याचा तिचा स्वभाव नाही. गंमत अशी की अंगोलातला पावसाळ्याचा पूर इथे पोचायला काही महिने लागतात. त्यामुळे बोट्स्वानात आभाळ कोरडं ठणठणीत असतं, त्या जून ते ऑगस्टच्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त पसरलेलं असतं. सपाट गवत, त्यावर गुडघाभर ते पोटापर्यंत स्वच्छ पाणी, मध्ये मध्ये शिंदीसारख्या झाडांची बेटं. गाडी रुतेल अशी जागा. घोडा मात्र आरामात जातो. 2014 मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ती त्या यादीतली हजारावी जागा ठरली.

आता मुख्य गोष्ट. गवतावर चरणारी जनावरं घोड्याला घाबरत नाहीत. पायी माणूस दिसला की झेब्रा दूरवरूनच पळतो. घोड्यावर बसलेला माणूस मात्र त्याला वेगळा माणूस म्हणून दिसत नाही. चार पायांचं, गवत खाणारं, घोड्याचा वास असणारं एक जनावर, एवढंच. जिराफ शेजारून पळत जातो, मान वळवून बघतो आणि आपला वेग बदलत नाही. लेचवे नावाची पाण्यातली हरणं आमच्या दोन्ही बाजूंनी पाणी उडवत गेली. लोक पैसे मोजतात ते यासाठी.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. जनावरांनी तुम्हाला शाकाहारी धरलं म्हणजे सिंहानेही तसंच धरलं. जिप्सीत आपण प्रेक्षक असतो. घोड्यावर बसलात की तुम्ही शिकारीच्या पानातला एक पदार्थ. म्हणूनच या सफारीत अनाडी माणसाला घेत नाहीत. पहिल्याच दुपारी तुमची परीक्षा होते. दुडक्या चालीत दहा मिनिटं न थकता उठबस करता येते का, घोडा चौखूर पळाला तर ताब्यात ठेवता येतो का, हे बघतात. वजनाचीही मर्यादा असते, साधारण नव्वद किलोच्या आसपास. मी शहाण्णव होतो. कॅन्टोन्मेंटपासून ग्वारीघाटापर्यंत चार महिने रोज सकाळी चाललो, पोहे-जिलेबी सोडली, तेव्हा कुठे अठ्ठ्याऐंशीवर आलो. माझ्या सौभाग्यवती म्हणतात की सफारीचा खरा फायदा तेवढाच झाला.

रांग ठरलेली असते. पुढे मुख्य गाइड, त्याच्या खोगिराला रायफल. शेवटी दुसरा गाइड. मध्ये आपण, एकामागे एक. काही भागांत गाइड लांब चाबूकही ठेवतात. तो घोड्यासाठी नसतो. हत्ती फारच जवळ आला तर हवेत त्याचा आवाज काढतात. रायफल हा शेवटचा उपाय, आणि ती वापरावी लागली तर तो गाइड स्वतःची चूक मानतो. हत्ती किंवा रानरेडा अंगावर आला तर पुढचा गाइड तिथेच उभा राहतो आणि मागचा गाइड बाकीच्यांना घेऊन दौडत बाहेर काढतो. सिंह दिसला तर बरोबर उलटं करायचं. पळायचं नाही. सगळ्यांनी घोडे जवळ घ्यायचे, तोंड सिंहाकडे ठेवायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. पळणाऱ्यामागे धावणं हे मांजराच्या जातीच्या रक्तातच आहे. फौजेत आम्ही माघारीचा सराव आक्रमणापेक्षा जास्त करायचो, त्याची आठवण झाली.

आणि एक सांगतो. सिंहापेक्षा जास्त हाडं तिथे बिळांनी मोडतात. आर्डव्हार्क नावाचा प्राणी वाळवीच्या शोधात जमिनीत भलीमोठी भोकं पाडून ठेवतो. दौडताना घोड्याचा पाय त्यात गेला की स्वार तोंडावर. पाण्याखाली पाणघोड्यांच्या येण्याजाण्याने चर पडलेले असतात, तिथे पोटापर्यंतचं पाणी एकदम गळ्यापर्यंत येतं. म्हणून गाइड गेला त्याच रेषेतून जायचं. शहाणपणा करून फोटोसाठी बाजूला व्हायचं नाही. आमच्यातल्या एका पाहुण्याने केला, आणि कॅमेरा तिथल्या माशांना देऊन आला.

पहिल्या संध्याकाळी गाइडने आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. जंगल तुम्ही बघू नका, घोड्याचे कान बघा. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे थोडा पुढचा आणि थोडा मागचा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक कान स्वाराकडे आणि एक झाडीकडे, तर सगळं ठीक. दोन्ही कान एकाच जागेवर ताठ लागले, मान वर गेली आणि श्वास थांबल्यासारखा झाला, तर तिथे काहीतरी आहे. तुम्हाला दिसत नाही, हा तुमचा दोष.

इथे माझा जुना हिशेब येतो.

चाळीस वर्षांपूर्वी मी लेफ्टनंट होतो. डोंगरातली एक चौकी, आणि तिला रसद खेचरांवरून जायची. आपल्या फौजेतल्या प्रत्येक खेचराला नंबर असतो, खुरावर कोरलेला. त्या दिवशी रांगेतलं पहिलं खेचर बर्फाने झाकलेल्या एका नाल्याच्या तोंडाशी थांबलं. कान पुढे, पाय रोवलेले. ड्रायव्हर कुमाऊंचा, माझ्याहून वयाने मोठा. तो म्हणाला, "साहब, ये नहीं जाएगी." मला वर वेळेत पोचायचं होतं. मी चोवीस वर्षांचा, खांद्यावर दोन तारे. म्हटलं, हाकल. त्याने आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हाकललं. बर्फाचा पूल मध्येच फुटला. खेचर ओझ्यासकट खाली गेलं. ड्रायव्हरच्या हातातून दोर सुटला म्हणून तो वाचला, पण हात दोन ठिकाणी मोडला.

चौकशी झाली. मी अहवालात लिहिलं की बर्फ अचानक खचला. त्यातला 'अचानक' हा शब्द खोटा होता. खेचराने आम्हाला चांगली दोन मिनिटं दिली होती. ड्रायव्हरने माझ्याविरुद्ध एक अक्षर काढलं नाही. तो अजूनही दिवाळीला फोन करतो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो.

मराठीत आपण म्हणतो, कुठे घोडं अडलं? म्हणजे अडचण कुठे आहे. ज्याने पहिल्यांदा हे म्हटलं असेल त्याला घोडा माहीत होता. घोडं उगाच अडत नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारचा मिळायचा, शिलेदाराचा मात्र स्वतःचा असायचा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी गेली. असा माणूस घोड्याच्या अडण्याकडे कानाडोळा करणार नाही. 1798 पासून 1817 पर्यंत हे जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. त्यांचे स्वार याच नर्मदाकाठच्या जंगलांतून जात-येत असत. तेव्हा ही कुणाला सफारी वाटत नव्हती.

ओकावांगोत चौथ्या सकाळी माझी घोडी अडली. मी रांगेत तिसरा. पुढचे दोघे बेटाच्या कडेने निघून गेले होते. तिचे दोन्ही कान डावीकडच्या झुडपावर लागले. मला काही दिसेना. पाय आपोआप टाच मारायला आवळले गेले, हे कबूल करतो. चाळीस वर्षांनीही सवय तीच. मग मी पाय सैल सोडले आणि हात वर केला. गाइड परत आला. त्याने मला काहीच विचारलं नाही, घोडीकडे पाहिलं. आम्ही सात-आठ मिनिटं गप्प उभे होतो. मग त्याने सगळ्यांना दोनशे पावलं लांबून, वारा अंगावर घेऊन फिरवलं. पलीकडे पोचलो तेव्हा त्या झुडपातून गायबगळे उडाले. गाइड म्हणाला, म्हातारा रानरेडा, एकटा बसलेला. कळपातून बाहेर पडलेले असे रेडे सगळ्यात वाईट. मी तो रेडा शेवटपर्यंत पाहिला नाही.

त्या दिवाळीला फोन आला तेव्हा मी हे ड्रायव्हरला सांगितलं. नाल्याचंही बोललो, अहवालाचंही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, "साहब, घोड़ी का नंबर क्या था?" मी म्हटलं, तिथे नंबर नसतो, नाव असतं. त्याला ते काही पटलं नाही.

असो. आता घोड्यांच्या बाजूने बघू, कारण त्यांच्यासाठी ही नोकरी सोपी नाही. आफ्रिकेतला घोड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू सिंह नव्हे, चिलटं आहेत. आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाचा विषाणूचा रोग ती पसरवतात. तो फुप्फुसात शिरला तर दहातले नऊ घोडे जातात. झेब्र्याच्या अंगात हाच विषाणू असतो, आणि त्याला काही होत नाही. ही चिलटं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, म्हणून दरवर्षी लस, आणि शक्य तिथे सूर्यास्ताआधी घोडे पागेत. हा रोग दूरचा समजू नका. 1959 मध्ये तो पश्चिम आशियात पसरला आणि 1960 मध्ये भारतात पोचला. या साथीत सगळ्या देशांचे मिळून तीन लाखांवर घोडे, खेचरं आणि गाढवं मेली. दुसरी भानगड त्सेत्से माशीची. तिच्यामुळे ओकावांगोत घोडे टिकणं कठीण होतं. 2001-02 मध्ये विमानातून फवारणी करून तिथली त्सेत्से संपवली. तिच्या रोगाचा चुलतभाऊ, सर्रा, आपल्याकडे आहे आणि तो घोडा-उंट पाळणाऱ्यांना चांगला माहीत आहे. त्याचा जंतू 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या फौजेतल्या पशुवैद्याने डेरा इस्माइल खान इथे शोधला.

आता आपल्याकडे का नाही? जेम्स फोर्सिथ हा लष्करी अधिकारी 1862 मध्ये जबलपूरहून निघून पंचमढीला गेला. तिथे त्याने बायसन लॉज बांधलं, ते अजून उभं आहे. 1871 मध्ये प्रसिद्ध झालेलं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक आजही वाचतात. त्याचा प्रवास घोड्यावरून चाले. पण वाघामागे जाताना तो हत्ती घ्यायचा. कारण साधं आहे. घोड्याचं संरक्षण म्हणजे अंतर. सिंह कळपाने राहतो, दिवसा बराच वेळ मोकळ्यावर लोळतो, लांबून दिसतो. वाघ एकटा, दबा धरणारा. सालाच्या जंगलात, खाली घाणेरीची झुडपं माजलेली असताना वीस पावलांपलीकडे दिसत नाही. घोड्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय कान्हासारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकाने गाडीतून उतरायचं नाही, हा नियमच आहे आणि तो योग्य आहे. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात गाइडबरोबर पायी फिरू देतात, ते करून बघा. घोडे बाहेरून आणले की त्यांच्याबरोबर रोगही येतात, हीसुद्धा गोष्ट आहे.

तेव्हा ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी आधी वर्षभर घोड्यावर बसायला शिका. आठवड्यातून दोन तास, मैदानात, हेल्मेट घालून. तिथे दिवसाला चार ते सहा तास खोगिरात बसावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी माणसाला उभं राहून जेवावंसं वाटतं. विमा काढताना घोडेस्वारी त्यात धरली आहे का ते वाचून घ्या. बहुतेक साध्या पॉलिसींत ती वगळलेली असते. गुडघा बदललेला असेल तर डॉक्टरला विचारा, मला विचारू नका.

आणि शिकायला घोडा मिळत नसेल तर निदान बघायला सुरुवात करा. सारंगखेड्याच्या यात्रेत जा, माळेगावला जा. तेही नाही जमलं तर लग्नाच्या वरातीतला घोडा आहेच. पुढच्या वेळी बँड वाजायला लागला की नवरदेवाकडे न बघता घोड्याच्या कानांकडे बघा. फटाक्यांची माळ पेटायच्या आधीच ते कुठे वळतात, बघा.