सिम नवं, हँडसेट जुनाच

सेकंडहँड मोबाइलमध्ये आपण सिम घालतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या उमटतात. तेवढ्या वेळात केवढी विचारपूस होऊन गेलेली असते! नेटवर्क आधी सिमची खातरजमा करतं, मग हँडसेटलाही विचारतं, 'तू कोण?' हँडसेट आपला १५ आकडी आयएमईआय क्रमांक सांगतो.

*#०६# डायल केलं की तो आपल्यालाही दिसतो. पहिले ८ आकडे कंपनी आणि मॉडेलचे, पुढचे ६ त्या एकाच नगाचे. शेवटचा आकडा मला सर्वांत विलक्षण वाटतो. तो आधीच्या १४ आकड्यांतून गणिताने निघतो. आयबीएमचे अभियंते हान्स पीटर लून यांची ही रीत बँकेच्या कार्डांवरही चालते. क्रमांक लिहिताना कुठलाही एक आकडा चुकला, तर हिशोब जुळतच नाही.

फोन चोरीला गेला की मालक पोलिसांत तक्रार देतो आणि दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या मध्यवर्ती नोंदवहीत तो क्रमांक ब्लॉक करायला लावतो. ही यंत्रणा २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली, मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. एका कंपनीचं सिम काढून दुसरीचं घातलं तरी सुटका नाही, कारण काळी यादी सगळ्यांची एकच. शिवाय ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं, तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोचतो. आणि ते सिम बहुतेकदा चोराचं नसतं; स्वस्तात फोन मिळाला म्हणून खूश झालेल्या गिऱ्हाइकाचं असतं, त्याच्याच ओळखपत्रावर घेतलेलं. म्हणून पैसे देण्याआधी दूरसंचार विभागाच्याच 'संचार साथी' पोर्टलवर क्रमांक तपासावा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात; दोन्ही तपासावेत, बिलाशी ताडून पाहावेत. मात्र तक्रारच नोंदवलेली नसेल, तर चोरीचा फोनही तिथे निर्दोष दिसतो.

अशा वेळी दुसरं कुलूप कामी येतं. २०१३ पासून आयफोनमध्ये आणि २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे, की फोन परस्पर रीसेट केला तरी तो जुन्या मालकाचं खातं मागतो. आयफोनच्या बाबतीत तर ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. हातातला फोन कितीही पुसला तरी ती शाबूत राहते. म्हणून विकणाऱ्याला आपल्यासमोर त्याचं खातं काढायला सांगावं. पासवर्ड ठाऊक असलेल्या खऱ्या मालकाला ते काही मिनिटांचं काम आहे.