टर्मिनलची तोंडओळख (भाग ९) : देवनागरी ५ची तीन उत्तरं

गेल्या आठवड्यात आपण ‘डिंभे’ नावाची सरावाची फाईल तयार केली. घोड नदीवरच्या डिंभे धरणाची, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराची, रोजची नोंद ठेवायची झाली तर ती जशी दिसेल तशी: दिवसाला एक ओळ आणि ओळीत तारीख, पाणीपातळी, टीएमसीमधला साठा, क्युसेकमधला विसर्ग. आकडे मनचे आहेत. घोडेगाव-मंचरच्या वाचकांनी धरणावर जाऊन पडताळू नयेत. ‘हेड’ने पहिल्या पाच ओळी काढल्या, ‘स्प्लिट’ने फाईलचे तुकडे पाडले. सगळं सुरळीत झालं, कारण सगळं बरोबर टाईप केलं होतं. आज मुद्दाम चुकीचं टाईप करायचंय.

पुस्तकांत अशा वेळी पाचाला एक्स चिकटवून दाखवतात. आपल्याकडची चूक निराळी असते. वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली, फाईलचं नाव मराठीत लिहिलं, मग ओळींची संख्या बदलायला मागे गेलो, तर कीबोर्ड अजून मराठीवरच! संख्येच्या जागी पडला देवनागरी ५. माणसाला तो पाचच दिसतो. संगणकाला काय दिसतं, हे त्या प्रोग्रॅमवर अवलंबून.

लिनक्सवरचं जीएनयू ‘हेड’ सरळ नकार देतं: ओळींची संख्या अवैध आहे, असा संदेश, आणि त्यात तुमचा ५ अवतरणात. हाच प्रोग्रॅम एखाद्या नवशिक्यानं सी भाषेत लिहिला आणि संख्या वाचायला ‘एटोआय’ हे फंक्शन वापरलं, तर ते इंग्रजी अंक शोधतं, पहिल्याच खुणेला अडतं आणि गुपचूप शून्य परत करतं. आता ‘पहिल्या शून्य ओळी दाखव’ ही मागणी पूर्णपणे वैध आहे! पडद्यावर काही येत नाही, कमांड ‘यशस्वी’ होते आणि आपण समजतो, नोंदवही रिकामी आहे. पायथॉनचं ‘इंट’ तिसरंच उत्तर देतं: देवनागरी ५ला ते खुशाल पाच मानतं. इंग्रजी एकाला देवनागरी ५ जोडला तरी त्याचे पंधरा करतं.

माझ्या मते नकारही चालेल, पाचही चालेल. शून्य मात्र कदापि नाही. जीएनयूची अवजारं ‘स्ट्रटोल’च्या जातीचं फंक्शन वापरतात. वाचन नेमकं कुठे थांबलं, हे ते सांगतं. एकही अंक मिळाला नाही, किंवा अंकांपुढे काहीतरी शिल्लक उरलं, की दार बंद.

आता हा नकार तपासायचा कसा? नुसता संदेश दिसला म्हणून भागत नाही. संदेश चुकांच्या प्रवाहात गेला पाहिजे, नाहीतर निकाल दुसऱ्या फाईलमध्ये वळवला की तोच संदेश पाणीपातळीच्या आकड्यांत जाऊन बसेल. मग एक्झिट स्टेटस, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा (शून्य म्हणजे यश): कमांड संपल्यावर लगेच ‘इको’ला डॉलर-प्रश्नचिन्ह देऊन बघा. ‘हेड’ १ सांगेल. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: नकार देण्याआधी प्रोग्रॅमनं काही करून तर ठेवलं नाही ना? ‘स्प्लिट’ला चुकीची संख्या दिली तर एकही तुकडा तयार होता कामा नये. ‘टच’ला ३० फेब्रुवारी ही तारीख दिली तर नवी फाईल जन्माला येता कामा नये. आधी आणि नंतर ‘एलएस’ करून ताडून बघा.

संदेश शब्दशः जुळवणार असाल तर चाचणी सी लोकॅलमध्ये, म्हणजे संदेश भाषांतरित न करणाऱ्या मूळ भाषा-मांडणीत, चालवा. जीएनयूच्या चाचण्याही तशाच चालतात. फक्त तिथे तुमचा ५ ओळखू येणार नाही. त्याच्या तीन बाइट्सचे अष्टमान आकडे ३४०, २४५, २५३ असे छापलेले दिसतील. घाबरू नका, तो ५च आहे.

काही गोष्टी दिसतात चुकीच्या, पण असतात बरोबर. ‘हेड’ला उणे पाच ओळी मागा: जीएनयूच्या बोलीत त्याचा अर्थ शेवटच्या पाच सोडून बाकी सगळ्या. मॅकवरचं ‘हेड’ मात्र तेच नाकारतं. उलट ‘सीएचमॉड’ला ८८८ दिलं तर ते साळसूद दिसतं आणि अडतं, कारण परवानग्यांचे आकडे अष्टमान असतात, त्यात ८ नसतोच.

जीएनयू कोअरयुटिल्समध्ये एक छोटी चाचणी आहे: जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला उणे चिन्ह आणि तिरपी रेघ हा अस्तित्वातच नसलेला पर्याय द्यायचा. बहुतेक १ देतात. ‘एलएस’ आणि ‘सॉर्ट’ २ देतात, ‘एन्व्ह’ आणि ‘टाइमआउट’ १२५. कारण त्यांना दुसरा प्रोग्रॅम चालवायचा असतो आणि त्याच्या एक्झिट स्टेटसशी आपली गल्लत होऊ द्यायची नसते. ‘इको’ची तक्रारच नाही: तो ती दोन चिन्हं जशीच्या तशी छापतो आणि शून्य सांगतो.

पुढच्या भागाआधी ‘स्प्लिट’ला ओळींची संख्या म्हणून शून्य, उणे पाच आणि देवनागरी ५ देऊन बघा, आणि तिन्ही वेळचं एक्झिट स्टेटस वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी हीच तपासणी एका शेल स्क्रिप्टच्या हवाली करू.